चार माणसांनी ऐकावे म्हणून

स्वतःहून पुढे येणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात एक अढी असते. ज्याच्यापाशी गुण आहे त्याने मुकाट्याने आपले काम करीत राहावे, कस्तुरीला आपला सुगंध सांगत फिरावे लागत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यावर हे वाक्य वर्षातून एकदा तरी येतेच. पण दवंडी दिल्यावाचून कीर्तनाला देऊळ भरत नाही आणि पाटी लावल्यावाचून वैद्यबुवांचे घर परगावच्या रोग्याला सापडत नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा माणसाने दिसावे की दिसू नये, हा प्रश्नच नव्हे. दिसण्यासाठी काय द्यावे आणि काय राखावे, हा खरा प्रश्न आहे.

आजकाल हा प्रश्न ज्यांच्या उशाशी येऊन बसतो, अशी एक नवी जमात आपल्यात उदयाला आली आहे. ही मुले घरातल्या एका खोलीत कॅमेरा मांडतात, मायक्रोफोन लावतात, कुणाला तरी समोर बसवून तास-दीड तास बोलते करतात आणि ते बोलणे यूट्यूबवर ठेवतात. याला व्हिडिओ पॉडकास्ट म्हणतात. पॉडकास्ट हा शब्द २००४ साली छापून आला, तेव्हा हा सारा व्यवहार नुसत्या आवाजाचा होता. श्रोत्याने एकदा नाव नोंदवले की नवा भाग आपण होऊन त्याच्याकडे येई. पुढे गप्पांना चेहरा मिळाला आणि चेहऱ्याबरोबर बाजार आला. यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की, त्यांच्याकडे दरमहा १०० कोटींहून अधिक लोक पॉडकास्ट पाहतात-ऐकतात. एवढी मोठी जत्रा भूतलावर कधी भरली नसेल.

या जत्रेत पाल ठोकायला पैसे पडत नाहीत. मात्र गर्दीची वाट कुठल्या पालावरून न्यायची, हे एक यंत्र ठरवते. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे जमवावे लागते. लहान चित्रफितींना निराळा हिशेब आहे. एक माणूस सरासरी १० मिनिटे थांबला असे धरले, तर २४,००० वेळा कुणीतरी येऊन बसले पाहिजे. मी गणितही शिकवतो, म्हणून हा हिशेब मांडून पाहिला. मागे कोणी धनको नाही, कंपनी नाही, अशा पोरासाठी हा डोंगरच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी या डोंगराच्या पायथ्याशी उभा आहे. विहिरी खणण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका आजोबांना त्याने तासभर बोलते केले. मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या खडक हाताला कसा लागतो, काळ्या पाषाणातल्या कुठल्या चिरेतून पाझर येण्याची आशा धरावी, पहारेचा आवाज कसा बदलतो, हे सारे आजोबांनी सांगितले. कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला ते इतके जिवंत भेटलेले नाही. हे संभाषण महिनाभरात जेमतेम साठ जणांनी उघडले. मित्राने सल्ला दिला, “मथळा बदल. ‘या विहिरीत जे सापडले ते पाहून थक्क व्हाल’ असे लिही आणि चित्रात एक हंडा दाखव.” पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, विहिरीत पाण्याशिवाय काहीच सापडलं नव्हतं. पण या मथळ्यानं दहा हजार माणसं आली आणि आजोबांची विद्या वाचली, तर काय बिघडलं?”

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच्या एका पारड्यात लहानसे खोटे आहे आणि दुसऱ्यात नाहीशी होऊ घातलेली विद्या आहे. मायक्रोफोनचे हप्ते चालू आहेत. साठाचे सहाशे झाले नाहीत, तर पुढचे आजोबा न ऐकताच जातील, हे त्या पोराला दिसते आहे.

व्यवहारी उत्तर सोपे आहे. हंड्याच्या आशेने आलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला उठून जाईल आणि यंत्र ते उठून जाणे मोजते. २०१२ साली यूट्यूबने आपले माप बदलले. किती जणांनी उघडले यापेक्षा किती वेळ पाहिले याला अधिक वजन दिले. कारण नुसत्या उघडण्याच्या मापाने फसव्या चित्रांचे फावत होते. डिसेंबर २०२४ मध्ये भारतातल्या फसव्या मथळ्यांवर, विशेषतः बातम्या आणि चालू घडामोडींतल्या, कारवाई करण्याचेही त्यांनी जाहीर केले. पण खोटे चालत नाही म्हणून बोलू नये, ही दुकानदाराची नीती झाली. उद्या ते चालले तर?

चालले तरी ते बोलू नये, असे मला वाटते. आणि त्याचे कारण आजोबा आहेत. त्यांनी आपला शब्द विश्वासाने या पोराच्या हाती ठेवला. दारावर खोटी पाटी लावली, की गावात लोक म्हणतील, म्हाताऱ्याने हंड्याची थाप मारली. म्हणजे पोरगा जे खर्च करणार ते त्याचे स्वतःचे नव्हेच; तो दुसऱ्याची पत मोडून आपली गर्दी जमवणार. शिवाय, ज्या श्रोत्याला आपण फसवून आत आणले, त्याला विद्या देण्याची भाषा कुठल्या तोंडाने करावी?

याचा अर्थ दार अंधारात ठेवावे असा नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि आपल्याकडे एक परंपरा सुरू झाली. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी घरोघरची माणसे अंकांकडे ओढली गेली. त्या चित्रांना कुणी फसवणूक म्हटले नाही. सजावट आणि सोंग यांत फरक आहे. सजावट आत काय आहे याविषयी उत्सुकता जागवते. सोंग आत जे नाही त्याचे वचन देते. म्हणून मी त्याला म्हटले, “अरे, ‘खडकात पाणी कुठे लागेल हे विहीर खणणारा कसा ओळखतो?’ असे लिही. पहारेच्या आवाजाची गोष्ट पहिल्याच मिनिटाला येऊ दे. तासाचे भाग पाडून प्रत्येकाला नाव दे. हे सारे कर, त्यात लाज कसली?”

परंतु मला अधिक भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. यंत्र या मुलांना एक आलेख दाखवते. कुठल्या क्षणी किती माणसे उरली, हे त्यावर दिसते. आजोबा बोलता बोलता थांबले, आठवू लागले, की रेघ खाली येते. मग पुढच्या वेळी पोरगा त्यांना थांबू देणार नाही. तो विचारील ते रेघेकडे पाहून, आणि हळूहळू ज्यांची रेघ खाली येते अशांच्या दारी जाणेच सोडील. खोटा मथळा निदान आपल्याला खोटा म्हणून कळतो. ही झीज कळतच नाही. आलेख जरूर पाहावा, पण कुणाकडे जायचे हे त्याला विचारू नये.

दोष सगळा पोरांच्या माथी मारणेही न्याय्य नव्हे. ज्याच्या जत्रेत अवघे जग येते, त्याने आपल्या वाटा कशा आखल्या हे सोप्या भाषेत सांगावे, एवढी अपेक्षा गैर नाही. आणि आपण? यंत्र आपल्याच बोटांकडे पाहून शिकते. हंड्याचे चित्र दिसताच ज्याचे बोट तिकडे वळते, त्याने जगात सवंगपणा वाढला म्हणून उसासे टाकू नयेत.

दिवाळीत आपण फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी पाठवतो. कुणाच्या घरी काय आवडते हे आईला ठाऊक असते. तिथे कुठल्या यंत्राची शिफारस लागत नाही. कुण्या अनोळखी पोराने मन लावून केलेले एखादे संभाषण आपल्याला भावले, तर तेही असेच दोन घरी पोहोचवावे, सोबत “हे शेवटपर्यंत ऐका” एवढा निरोप द्यावा. साठाचे बासष्ट होतील. वाढलेल्या त्या दोघांना कुणी फसवून आणलेले नसेल.