शब्दांच्या वेशीवर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात ऐन विशीतला मुलगा अपघातात गेला. निरोप येताच आम्ही त्या घरी पोहोचलो. ओटीवर माणसे दाटली होती, आत बायका रोझरी म्हणत होत्या आणि मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याजवळ बसून अशा प्रसंगी जे बोलावयाचे असते ते आम्ही बोलू लागलो: देवाची योजना, त्याची इच्छा, स्वर्गातील भेट. हे शब्द आम्ही आयुष्यभर वापरले आहेत आणि त्यांच्यावर आमची श्रद्धाही आहे. तरीही त्या दुपारी ते आमच्याच कानांना पोकळ वाटले. त्या माऊलीने सर्व ऐकून घेतले आणि हळूच म्हटले, "फादर, काही बोलू नका. नुसते बसा."

आम्ही बसलो. परंतु त्या दिवसापासून एका प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. ज्याची सारी सेवा शब्दांच्या आधारे चालते त्याने शब्द अपुरे पडतील तेथे काय करावे? बोलत राहिले तर खोटेपणा पदरी येतो आणि गप्प राहिले तर समोरच्याला एकटे टाकल्यासारखे होते. हा प्रश्न केवळ धर्मगुरूंचा नाही. विसाव्या शतकातील साहित्य आणि नाटक यांनी तो आपल्यापेक्षा कितीतरी अधिक निकराने स्वतःला विचारला आहे. म्हणून या अंकात त्या वाटेने थोडे चालून पाहावे असे आम्ही योजिले आहे.

ऑस्ट्रियन लेखक ह्यूगो फॉन होफमान्सथाल याने 1902 साली एक काल्पनिक पत्र प्रसिद्ध केले. ते लिहिणारा लॉर्ड चँडोस हा तरुण कवी तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन याला कळवितो, की यापुढे आपल्या हातून काही लिहून होणार नाही. आत्मा, देह असे मोठे शब्द उच्चारणेसुद्धा त्याला जड जाते, पण एखादी साधी, दुर्लक्षित वस्तू दृष्टीस पडली की त्याचे अंतःकरण भरून येते. गंमत अशी, की भाषा आपल्याला सोडून गेली हे सांगणारे हे पत्र अतिशय सुंदर भाषेत लिहिलेले आहे. येथेच सौंदर्यशास्त्रातील पेच उभा राहतो. दुःख सुंदर शब्दांत मांडले, तर त्या सौंदर्याने दुःखाची धार बोथट होत नाही काय?

हा पेच ज्याने शेवटपर्यंत अंगावर घेतला तो लेखक म्हणजे सॅम्युएल बेकेट. त्याचा जन्म 1906 साली डब्लिनजवळ एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. तो दिवस गुड फ्रायडेचा होता. पुढे तो पॅरिसमध्ये स्थायिक झाला आणि जर्मन फौजांनी ते शहर घेतल्यावर प्रतिकार चळवळीच्या एका गुप्त गटात सामील झाला. 1942 साली त्या गटाचा घात झाला. बेकेट आणि त्याची सहचारिणी सुझान वेळीच निसटले आणि दक्षिण फ्रान्समधील रूसियों या खेड्यात लपून राहिले. त्याचा मित्र आल्फ्रेड पेरों मात्र पकडला गेला. छळछावणीतून सुटल्यावर थोड्याच दिवसांत, 1945 साली, त्याचा मृत्यू झाला.

या गटाचा घात करणारा माणूस कोण होता, हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. तो रॉबेर आलेश नावाचा कॅथलिक धर्मगुरू होता. पॅरिसजवळच्या एका धर्मग्रामात तो नाझींविरुद्ध प्रवचने देई. ती ऐकून तरुण त्याच्यावर विश्वास टाकीत आणि तो त्यांची नावे जर्मन हेरखात्याला विकी. युद्धानंतर, 1949 साली, फ्रान्समध्ये त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्याचे शब्द खोटे होते असेही म्हणता येत नाही, कारण नाझींविषयी त्याने जे सांगितले ते खरेच होते. शब्द खरे, बोलणारा खोटा! वक्तृत्वावर भाळणाऱ्या आपल्या समाजाने आणि आम्ही प्रवचनकारांनी ही गोष्ट विसरू नये.

युद्ध संपताच बेकेटने नॉर्मंडीतील सँ-लो या शहरी आयरिश रेड क्रॉसच्या रुग्णालयात भांडारपाल आणि दुभाष्या म्हणून काम केले. 1944 च्या बॉम्बवर्षावात ते शहर जवळजवळ पुरते जमीनदोस्त झाले होते. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याने आपले सर्वांत महत्त्वाचे लेखन केले, आणि ते इंग्रजीत नव्हे, फ्रेंचमध्ये. त्या भाषेत शैलीवाचून लिहिणे सोपे जाते, असे कारण त्याने दिले. मातृभाषेत शब्द आपोआप नटून येतात, जिभेला वळण पडलेले असते. ते वळण त्याला मोडावयाचे होते.

'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक मूळ फ्रेंचमध्ये 1953 च्या जानेवारीत पॅरिसच्या एका लहान नाट्यगृहात प्रथम रंगमंचावर आले. रस्त्याच्या कडेला एक निष्पर्ण झाड आणि त्याखाली दोन फाटके भटके गोदो नावाच्या कोणाची तरी वाट पाहत आहेत. तो येत नाही. उद्या नक्की येईल असा निरोप घेऊन एक मुलगा येतो. दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पाने फुटलेली असतात. पुन्हा तीच प्रतीक्षा, पुन्हा तसाच निरोप. शेवटी दोघे जाण्याचे ठरवितात, पण जागचे हलत नाहीत. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात या नाटकाचा उल्लेख निराशावादाचे उदाहरण म्हणून झाला होता. आम्हीही ते तसेच टिपून घेतले होते. वर सांगितलेल्या घटनेनंतर ते पुन्हा हाती घेतले, तेव्हा प्रथमच त्यातील विरामांकडे आमचे लक्ष गेले. बेकेटने संवादांइतक्याच काटेकोरपणे शांततेच्या जागाही लिहून ठेवल्या आहेत. नटाने त्या गाळावयाच्या नसतात. जे शब्दांत सांगता येत नाही ते त्या जागांत ठेवलेले आहे.

याच नाटकाच्या आरंभी भटक्यांपैकी एक जण प्रभूबरोबर क्रुसावर खिळलेल्या दोन चोरांचा विषय काढतो. चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या लूकनेच एका चोराला तारण मिळाल्याचे सांगितले, मग लोक त्याच्यावरच का विश्वास ठेवतात, हा त्याचा प्रश्न. संत ऑगस्टिनच्या नावावर सांगितले जाणारे एक वचन बेकेटला आवडत असे. एक चोर वाचला म्हणून आशा सोडू नये आणि दुसरा गमावला गेला म्हणून निर्धास्त राहू नये, असा त्याचा आशय. आपल्याला त्या विचाराचा घाट मोह घालतो, असे बेकेट म्हणे. तराजूची दोन्ही पारडी सारखी, कोणतेही खाली झुकत नाही. त्याच्या नाटकाचा घाटही तोच आहे.

हे नाटक कोणाला कळले? 1956 साली अमेरिकेत मायामी येथे ते प्रथम झाले तेव्हा अनेक प्रेक्षक मध्येच उठून गेले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नाट्यसंस्थेने सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे 1400 कैद्यांपुढे त्याचा प्रयोग केला. तेथे मात्र ते शांतपणे, मन लावून पाहिले गेले. वाट पाहणे म्हणजे काय हे त्या माणसांना कोणी समजावून सांगावयास नको होते. पुढे तेथील कैद्यांनी स्वतःचा नाट्यगट उभारला आणि बेकेटची नाटके केली. ज्यांना सुशिक्षित दुर्बोध म्हणत होते ते शब्द दुःखिताच्या घरी थेट पोहोचले.

बेकेट येथेच थांबला नाही. त्याची नाटके उत्तरोत्तर लहान होत गेली. 1972 च्या एका नाटकात अंधारात केवळ एक बोलणारे तोंड दिसते. 1969 च्या एका नाट्यकृतीत पात्र नाही, संवाद नाही, फक्त एक श्वास आणि एक क्षीण रडे आहे. ती अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. 1949 सालच्या एका संवादात त्याने कलावंताची अडचण मांडली होती. तिचा आशय असा, की व्यक्त करण्याजोगे काही नाही, साधन नाही, शक्ती नाही, पण व्यक्त करण्याचे बंधन मात्र आहे. यांतील शेवटचा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ते बंधन कोणी घातले? बेकेट ते सांगत नाही. परंतु ते नाकारतही नाही.

कोणी म्हणेल, बेकेटला ख्रिस्ती करण्याचा हा खटाटोप कशाला? तसे करण्याची आमची इच्छा नाही. गोदो म्हणजे देव हे समीकरण त्याने कधी मान्य केले नाही. गोदो कोण हे आपल्याला ठाऊक असते तर नाटकातच सांगितले असते, असे तो म्हणे. श्रद्धा नसलेल्याच्या तोंडी श्रद्धा घालणे हासुद्धा शब्दांचा अपहारच होय.

तरीही तुलना करण्याचा मोह आवरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी 1273 च्या डिसेंबरात, संत निकोलसच्या सणादिवशी मिस्सा अर्पण केल्यानंतर लिहिणे थांबविले. त्यांचा महाग्रंथ अपुरा राहिला. आपल्याला जे दिसले त्यापुढे आपण लिहिलेले सर्व गवताच्या काडीसमान आहे, असे त्यांनी सहकाऱ्याला सांगितल्याची परंपरा आहे. तीन महिन्यांनी ते निवर्तले. थॉमस थांबले ते भरून आल्यामुळे, बेकेट थांबत आला तो रितेपणामुळे. दोन्ही शांतता बाहेरून सारख्या दिसतात, आतून एक नाहीत. पण दोघांचीही वाट शब्दांच्या वेशीपर्यंत प्रामाणिकपणे गेली होती. त्या वेशीच्या अलीकडेच थांबून मौनाचे गोडवे गाणाऱ्या आळशाला ती शांतता लाभत नाही.

आपल्या उपासनेला ही वेस ठाऊक आहे. गुड फ्रायडेच्या दुपारी धर्मगुरू वेदीपाशी येतो, तेव्हा गीत नसते, अभिवादन नसते, वेदीवर वस्त्रही नसते. तो जमिनीवर पालथा पडतो आणि सारे जण गुडघे टेकून गप्प राहतात. दुःखसहनाचे वाचन प्रभूच्या मृत्यूपाशी येते तेव्हा वाचकही थांबतो. हा विराम नाट्यसंहितेतील विरामासारखाच गाळावयाचा नसतो. अनेकदा आम्ही तो घाईने उरकला आहे, पुढचे वाचन लांब असते म्हणून. आता तसे करवत नाही.

त्या माऊलीकडे आम्ही पुढेही जात राहिलो. पहिल्या काही भेटींत फारसे बोलणे झाले नाही. ती चहा करी, आम्ही बसत असू. काही महिन्यांनी एके संध्याकाळी तिनेच विचारले, "फादर, तो आता कुठे असेल?" पहिल्या दिवशी जे शब्द पोकळ निघाले होते तेच, त्यांतले थोडेसेच, आम्ही पुन्हा उच्चारले. शब्द बदलले नव्हते. मधल्या काळात आम्ही तिच्याबरोबर बसलो होतो, एवढाच काय तो फरक. ती काही बोलली नाही. मात्र या वेळी तिने आम्हांला थांबविले नाही.