गणिताचा पेपर आणि आपली प्रार्थना

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या मंडळ्यांतून दहावीच्या मुलांसाठी प्रार्थना होऊ लागतात. बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, बोर्ड निराळे असले तरी धास्ती एकच असते आणि ती बहुधा गणिताची. पेपर सोपा यावा, उत्तरे आठवावीत, असे मुले देवाला विनवतात. अशा वेळी पालकांनी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. देवाजवळ नेमके काय मागावे म्हणून आपण या मुलांना शिकवतो?

या बाबतीत गणित हा मोठा कठोर विषय आहे. सात आठे छप्पन्न हे भाविकालाही छप्पन्न आणि नास्तिकालाही छप्पन्नच. कोणाच्या अश्रूंनी त्याचे पंचावन्न होत नाहीत. यात देवाचा निष्ठुरपणा पाहू नये. ज्याचे नियम आज एक व उद्या दुसरे असे नसतात, त्याच्यावरच भरवसा ठेवता येतो.

मग मागणाऱ्याला मिळते या प्रभूच्या अभिवचनाचे काय, असे कोणी म्हणेल. पण त्याच प्रभूला सैतानाने मंदिराच्या शिरोभागी उभे करून खाली उडी टाकायला सांगितले, तेव्हा देवदूत झेलतील या भरवशावर त्याने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहण्याचे त्याने नाकारले. वर्षभर वही न उघडता पेपरच्या सकाळी केलेली विनवणी त्या उडीसारखीच आहे. उलट नहेम्याचे उदाहरण घ्या. यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चाल करून येणार असे कळताच त्याने प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. प्रार्थना केली म्हणून पहारा टाळला नाही, आणि पहारा आहे म्हणून प्रार्थना सोडली नाही.

विद्यार्थ्याचा पहारा कोणता? भूमितीत पक्ष, साध्य व सिद्धता लिहायची असते आणि प्रत्येक विधानापुढे कारण द्यावे लागते. ज्याने गाईडातील सिद्धता नुसती पाठ केली, तो आकृतीतील अक्षरे बदलताच अडतो. ज्याला कारण समजले, तो अडत नाही. बीजगणितात वर्गसमीकरणाची मुळे काढल्यावर ती मूळ समीकरणात घालून ताळा पाहता येतो. उदाहरण कोणाच्या वयाचे असेल आणि एक उत्तर ऋण आले, तर ते सोडून द्यावे लागते. म्हणजे स्वतःचे उत्तर स्वतःच तपासण्याची सवय हा विषय लावतो. शेजारच्या बाकावरून उचललेल्या उत्तराला ही सवय कशी लागणार? खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असे नीतिसूत्रांत सांगितले आहे. कॉपी करून भरलेली उत्तरपत्रिका हाही खोटा तराजूच होय.

म्हणून मुलांना असे मागायला शिकवावे: जे समजले नाही ते समजले नाही असे म्हणण्याचे धैर्य, चुकलेले उदाहरण पुन्हा सोडवण्याची चिकाटी, पेपर हाती आल्यावर शांत मन, आणि कॉपी समोर आली तर हात आवरण्याचे बळ.

एवढे करूनही काही मुले नापास होतात. आपल्या शिकवणुकीची खरी कसोटी येथे लागते. निकालानंतरच्या रविवारी आपण उत्तीर्ण मुलांची नावे वाचून उपकारस्तुती करतो, ते योग्यच आहे. पण मागच्या बाकावर बसलेल्या, किंवा त्या दिवशी उपासनेलाच न आलेल्या मुलाला त्यातून काय ऐकू येते? देवाने त्यांचे ऐकले, माझे ऐकले नाही! गुणपत्रिका हे आपण देवाच्या प्रीतीचे माप करून ठेवले, तर ते मूल दुसरे काय समजणार? गेथशेमाने बागेत पुत्राने प्याला टळावा म्हणून विनवले आणि प्याला टळला नाही. तरी पुत्र पित्याला प्रियच होता. हे त्या मुलाला कोणी तरी सांगायला हवे, आणि तेही त्याच्या घरी जाऊन.

त्यानंतर कामाला लागावे. कर्नाटकात २०२४ मध्ये दहावीला एकाच वर्षात तीन परीक्षांची सोय झाली होती. इतर बहुतेक बोर्डांतही पुन्हा बसण्याची संधी असते. आपल्या मंडळीत एखादा निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून किंवा इंजिनिअर असतोच. त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी शब्बाथ शाळेची खोली उघडावी आणि त्या मुलांजवळ वही घेऊन बसावे. परीक्षार्थींसाठी आपण केलेली प्रार्थना मनापासून होती की नाही, हे तेथे कळेल.