हरकत नोंदवली, पुढे काय?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, अधूनमधून एक चौकट दिसते. वर अमुक नियमांचा मसुदा किंवा तमुक गावचे गट क्रमांक, आणि खाली ठरलेलं वाक्य: ज्यांच्या हरकती अथवा सूचना असतील त्यांनी त्या मुदतीत लेखी सादर कराव्यात. कधी त्यापुढे आणखी एक ओळ असते, की मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. ही चौकट आपण इतकी वर्षं पाहतोय, की ती आली कुठून हे विचारावंसंही वाटत नाही. शेतीचे, अन्नाचे, जंगलाचे नियम करताना लोकांना विचारायला हवं, ही कल्पना आपल्याकडे कशी वाढत गेली हे पाहू गेलं तर एक चमत्कारिक गोष्ट हाती लागते. विचारायचं कोणाला, ते वर्तुळ दर पिढीत मोठं झालं. उत्तर द्यायची जबाबदारी मात्र त्याच चालीने आकसत गेली.

सुरुवात इंग्रजी अमदानीपासून करावी लागते. १८७८ च्या वनकायद्यात पद्धत घालून दिली होती. एखादं रान राखीव करायचं ठरलं, की वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीरनामा लावायचा आणि किमान तीन महिन्यांची मुदत द्यायची. गुरं चारण्याचा, वाटेचा, पाण्याचा, लाकूडफाट्याचा ज्याचा हक्क असेल त्याने लेखी द्यावं, नाहीतर समक्ष येऊन तोंडी सांगावं. तोंडी सांगितलेलं अधिकाऱ्याने उतरवून घ्यायचं आणि प्रत्येक दाव्यावर मान्य की अमान्य असा हुकूम द्यायचा. हुकूम पटला नाही तर अपील. १९२७ च्या कायद्याने हीच रीत पुढे चालवली. यातून न्याय किती झाला हे ठाण्या-कुलाब्याच्या डोंगरपट्टीतल्या वारली, ठाकूर, कातकऱ्यांना विचारावं. रान घ्यायचं हे आधीच ठरलेलं असे आणि ऐकायचं ते फक्त ‘यात तुझं काय जातं’ एवढ्यापुरतं. तरीही कागदावर चार गोष्टी होत्या: गावची भाषा, पुरेशी मुदत, तोंडी सांगण्याची मुभा आणि हुकूम. या चार गोष्टी पुढे लागतील.

जमिनीच्या बाबतीत एवढंही नव्हतं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात शेतकऱ्याला मोजणीबद्दल, मोबदल्याबद्दल भांडता येई. ‘पण जमीन घेताच कशाला’ हे विचारायला कायद्यात जागाच नव्हती. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला तेव्हा सेनापती बापटांसारख्यांना हा प्रश्न धरणाच्या बांधावर जाऊन विचारावा लागला, त्याचं हेही एक कारण. हेतूलाच हरकत घेण्याचा हक्क १९२३ च्या दुरुस्तीने आला. पाचव्या कलमाला ‘अ’ जोडला गेला, तीस दिवस मिळाले, आणि कलेक्टरने हरकतदाराचं म्हणणं ऐकून सरकारला अहवाल द्यावा असं ठरलं. शेवटचा शब्द सरकारचाच. मुळशीकरांना याचा उपयोग झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रवाह आपल्या लोकांनीच काढलेला. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये उभी राहिली ती मुखत्यारनाम्यांवर. सुमारे सहा हजार लोकांनी सह्या करून आपले प्रतिनिधी नेमले होते. दख्खनच्या शेतसाऱ्यापासून दुष्काळापर्यंत सभेने चौकशा केल्या आणि सरकारला लिहून कळवल्या. सरकारने विचारलं नव्हतं, यांनी सांगितलं. आजच्या सल्लामसलतीच्या नियमांत या परंपरेचं नावनिशाण नाही, आणि ते मला खटकतं. विचारल्यावर सांगणं वेगळं आणि न विचारता सांगण्याचा अधिकार समजणं वेगळं.

मोठी उडी नव्वदीत आली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला, त्याखाली १९९४ मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची अधिसूचना निघाली आणि १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणी सक्तीची झाली. उडी अशासाठी म्हणायची, की आता बोलायला सातबारा लागत नव्हता. शेतमजूर, कूळ, खाडीत जाळं टाकणारा कोळी, शेजारच्या तालुक्यातली संस्था, सगळ्यांना माइक मिळाला. हरकतीचं नातं मालकीपासून सुटलं आणि परिणामाशी जोडलं गेलं. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या प्रशासनातली ही मोजक्या मोठ्या कल्पनांपैकी एक आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं.

२००६ च्या अधिसूचनेने सुनावणीचे बारीकसारीक नियम ठरवले. तीस दिवस आधी सूचना, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची व्यवस्था, सगळ्याचं चित्रीकरण. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी होते. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा आणि त्यावर त्याच दिवशी सही. ज्यांनी अशी सुनावणी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे मांडव येईल: पुढच्या रांगांत कंपनीने आणलेली माणसं, कडेला पोलीस बंदोबस्त, मंचावर सल्लागार कंपनीचा तरुण पडद्यावर आलेख दाखवतोय, आणि मागून कोणीतरी ओरडतंय की अहवाल मराठीत द्या. बोलणाऱ्याचा मुद्दा संपला की मंचावरून उत्तर येतं, ‘मुद्दा नोंदवून घेतला आहे’. अध्यक्षांकडे निर्णय नसतो. निर्णय दिल्लीत किंवा मुंबईत, तज्ज्ञ समितीच्या टेबलावर. आणि हरकतींपुढे जो ‘खुलासा’ छापला जातो तो प्रकल्पवाल्याचा असतो. १८७८ मध्ये ज्याने हुकूम द्यायचा तो अधिकारी या रचनेत पोस्टमन झाला आहे.

लोक अशा ठिकाणी नुसता विरोध करायला येतात, हा समज सरकारी वर्तुळात पक्का आहे. जैतापूर प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली. तिथला सडा म्हणजे कातळ, पड, नापीक असं प्रकल्पाच्या बाजूने सांगितलं जात होतं. कोकणात राहणाऱ्याला सड्याची कूस ठाऊक असते. पावसाळ्यात तिथे गवत होतं, गुरं चरतात, कातळ फोडून हापूस लावलेला असतो, पाणी मुरून खालच्या विहिरींना जातं. हे अहवालात सहसा येत नाही, कारण पाहणीचा महिना आणि सड्याचा महिना जुळत नाही. भावनेचा भाग असेल, पण ही माहिती आहे, आणि माहितीला ‘नोंदवून घेतली’ एवढं उत्तर पुरत नाही.

हेच गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुनावलं. ‘उत्कर्ष मंडळ’ नावाने तो निकाल ओळखला जातो. सुनावणीत आलेल्या हरकतींवर तज्ज्ञ समितीने काय विचार केला, त्या का फेटाळल्या, हे कारणांसह दिसायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं. एका दिवसात समितीने किती प्रकरणं हातावेगळी करावीत यावरही न्यायालयाला बोलावं लागलं. अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कायद्यानंतर न्यायालयांनी हळूहळू पायंडा पाडला, की महत्त्वाच्या हरकतीला उत्तर न देता केलेला नियम टिकत नाही. आपल्याकडे तो धागा गोव्यातल्या डोंगराच्या निमित्ताने हाती आला होता. नियमात तो पक्का विणला गेला नाही.

अन्नाच्या बाबतीत कल्पना आणखी पुढे गेली, आणि त्याला निमित्त झालं वांगं. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. कापूस खात नाहीत, असं म्हणायची सोय होती (सरकीचं तेल आणि पेंड विसरून). जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने हिरवा कंदील दाखवला, आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो तसाच पुढे न सरकवता १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात सात शहरांत जाहीर बैठका घेतल्या. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद, बंगळुरू. सुमारे आठ हजार माणसं आली. इथे बाधित कोण? वांगं लावणारा, विकणारा, भरलं वांगं करणारी, खाणारा. म्हणजे सगळेच.

९ फेब्रुवारीला रमेश यांनी स्थगिती दिली. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीवर दर आठवड्याला फवारे मारणाऱ्या शेतकऱ्याचा विचार झाला नाही, शास्त्राचा निकाल आरडाओरड्यावर लागला, अशी टीका झाली, आणि तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या निर्णयाबरोबर कारणं लिहून आली होती: राज्य सरकारांची भूमिका, स्वतंत्र चाचण्यांची उणीव, वांग्याच्या देशी वाणांचं वैविध्य, शास्त्रज्ञांमधलं मतांतर. कारणं समोर असली की त्यांच्याशी भांडता येतं. त्याच वर्षी समितीच्या नावातला ‘मान्यता’ हा शब्द जाऊन ‘मूल्यमापन’ आला. नाव बदललं, प्रथा पडली नाही. २०१६ मध्ये जनुकीय मोहरीची पाळी आली तेव्हा समितीचा सारांश इंग्रजीत, मुदत तीस दिवस, आणि संपूर्ण चाचणीअहवाल वाचायचा तर दिल्लीच्या मंत्रालयात जाऊन. नांदेडच्या शेतकऱ्याने काय करायचं?

आणि विचारायचं म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्यांनाच नव्हे. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या लोकांनी अकोल्याच्या अकोली जहागीरमध्ये परवानगी नसलेलं तणनाशकसह्य कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं. त्यांचाही दावा हाच, की आमचं कोणी ऐकत नाही. पुढे त्याच संघटनेचे अनिल घनवट कृषी कायद्यांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत गेले. ते कायदे जून २०२० मध्ये वटहुकमाने आले होते, आणि २०१४ पासून विधेयकाचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवायचं केंद्राचं धोरण कपाटात राहिलं होतं. म्हणजे लग्न आधी आणि पसंती मागून. समितीने ७३ संघटनांचं ऐकलं, त्यांतल्या ६१ कायद्यांच्या बाजूच्या निघाल्या, मार्च २०२१ मध्ये अहवाल न्यायालयात गेला आणि तिथेच बंद राहिला. वर्षभराने घनवटांनी तो स्वतः जाहीर केला, तोवर कायदे मागे घेऊन झाले होते. कायद्यांविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांना विचारलं नव्हतं आणि ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर कोणी वाचलं नाही.

त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, पर्यावरणीय मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा राजपत्रात आला. सुनावणीच्या सूचनेची मुदत तीसवरून वीस दिवसांवर आणायचं त्यात होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला मुदत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या भाषांत आणायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही दाद मिळाली नाही. इंग्रज सरकारला रान घेताना गावच्या भाषेत जाहीरनामा लावणं जमत होतं, आणि इथे मराठी, तमिळ, ओडियाविरुद्ध वकील उभे केले गेले. हरकती लाखांनी आल्या, बहुतेक ई-मेलने, पुष्कळ एकाच मजकुराच्या. संख्या दाखवायला हे ठीक, पण लाख एकसारख्या पत्रांपेक्षा एका माणसाने ‘या ओढ्याला मे महिन्यातही पाणी असतं’ असं लिहिणं मला अधिक मोलाचं वाटतं. अर्थात ते वाचणारा कोणीतरी हवा. मसुदा अंतिम झालाच नाही. त्यातलं काही पुढे सुट्या परिपत्रकांतून येत राहिलं, ज्यांच्यावर हरकती मागवाव्या लागत नाहीत.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. नियम करताना लोकांशी खुली सल्लामसलत करावी, थेट किंवा प्रातिनिधिक संस्थांमार्फत, आणि त्या संस्थांत सर्व पातळ्यांवरच्या पंचायती धरलेल्या आहेत. कायदा करणाऱ्याने हे मनापासून लिहिलं असावं. पाकिटबंद पदार्थांवर ताऱ्यांची खूण द्यायचा मसुदा २०२२ मध्ये आला, त्यावर सुमारे चौदा हजार मतं आली. वेफर्सच्या माळा आज वाडीवस्तीवरच्या टपरीतही लटकतात, पण हा मसुदा एखाद्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पश्चिम घाटाचं तर नेमकं ग्रामसभेवरच अडलं आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तो लोकांपुढे यायलाच २०१२ उजाडलं. गाडगीळ सतत सांगत राहिले, की हा अहवाल मराठीत, कन्नडमध्ये, मल्याळममध्ये गावोगाव जाऊ द्या आणि ग्रामसभांना ठरवू द्या. त्याऐवजी कस्तुरीरंगन समिती आली, आणि २०१४ पासून घाटातल्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघत राहिल्या: २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२, २०२४. दरवेळी साठ दिवस, दरवेळी हरकती, आणि आधीच्या खेपेच्या हरकतींचं काय झालं याचा गावाला पत्ता नाही. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मधे पंधरवडा होता, तोही आवणीच्या घाईचा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा भरली तेव्हा साठ दिवस उलटून गेले होते.