रापी

झिजलेली कानस सुतार टाकून देतो; मंगरूळपीरसारख्या गावचा चांभार तिची रापी करतो. कानस तापवून मऊ करावी, घासून आकार द्यावा, लालबुंद करून तेलात बुडवावी. आता ती कठीण खरी, पण काचेसारखी ठिसूळ. म्हणून पुन्हा २३० अंशांच्या आसपास, गवती पिवळा रंग चढेपर्यंत तापवावी. थोडा कठीणपणा सोडला, की ती टिकते.

आपले हत्यार आपण घडवणारा माणूस स्वतंत्र, असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्याच्या हाती रापी जन्मानेच आली, त्याला धंदा निवडू दिला होता काय? पोलादाला आपण याच जन्मी दुसरा जन्म देतो. माणसाला मात्र पुढच्या जन्माचा वायदा केला. रापीचे कौतुक जरूर करावे. पण ती खाली ठेवण्याचा त्याचा हक्क आधी मानून.