प्रयोग आणि प्रत

बीबीसीची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही विज्ञानकथा मालिका १८ जुलै ते २२ ऑगस्ट १९५३ या काळात, सहा शनिवारी, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून थेट प्रक्षेपित झाली. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए. सहापैकी पहिले दोन भाग आज पाहायला मिळतात, चार मिळत नाहीत. त्या चार भागांचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते: एवढा ठेवा कोणी पुसला, कोणी फेकून दिला? मुळात हा प्रश्नच उथळ आहे. हे भाग कोणी पुसले नाहीत, ते कधी मुद्रितच झाले नव्हते. पहिल्या दोन भागांच्या मुद्रणाचा दर्जा पसंत न पडल्याने पुढचे मुद्रण थांबवण्यात आले. पुसलेले वेगळे आणि मुळात न टिपलेले वेगळे.

नाटकाच्या खेळाला मराठीत ‘प्रयोग’ म्हणतात आणि प्रयोगशाळेत चालतो तोही ‘प्रयोग’च. या मालिकेच्या नावाला मराठी पर्याय शोधण्याची गरजच नाही. स्टुडिओत शनिवारी रात्री जे घडले तो प्रयोग. फिल्मवर जे उरले ती प्रत. सुरुवातीच्या थेट दूरचित्रवाणीचा आणि तिच्या आजच्या डिस्कचा सगळा वाद या दोन शब्दांची गल्लत झाल्यामुळे माजला आहे.

प्रत कशी निघे ते आधी पाहिले पाहिजे. व्हिडिओ टेप १९५६ मध्ये अमेरिकेत अँपेक्स कंपनीने बाजारात आणली. त्यापूर्वी मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्यावरचे चित्र टिपत असत. ब्रिटिश चित्र ४०५ रेषांचे होते आणि सेकंदाला पन्नास वेळा अर्धे-अर्धे रेखाटले जाई. फिल्मवर त्याच्या पंचवीस चौकटी होत. चेहरे, पोशाख, नेपथ्य उतरे; पण हालचालीतला जो सलगपणा घरबसल्या प्रेक्षकाला ‘हे आत्ता चालले आहे’ असे सांगे, तो नेमका गळून पडे. ‘क्वाटरमास’च्या दुसऱ्या भागात मुद्रण चालू असताना एक किडा मॉनिटरच्या काचेवर आला. नट आपले संवाद बोलत आहेत आणि हा भलामोठा किडा चित्रावरून चालतो आहे, असे त्या प्रतीत दिसते.

प्रयोगाची तऱ्हा निराळीच होती. अलेक्झांड्रा पॅलेसमधले एमिट्रॉन कॅमेरे १९३६ पासूनचे, म्हणजे तेव्हाच म्हातारे झालेले. आठवडाभर तालीम दुसरीकडे होई आणि कॅमेऱ्यांसह तालमीला प्रक्षेपणाचा दिवस तेवढा मिळे. आधी चित्रित केलेले फिल्मचे तुकडे मध्ये घालत, आणि तेवढ्या अवधीत नट एका सेटवरून दुसऱ्या सेटवर पोचत. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरलेला राक्षस म्हणजे लेखकाचे स्वतःचे हात होते. झाडपाला आणि चामड्याचे तुकडे लावलेले हातमोजे घालून नील यांनी ते हात ॲबीच्या मोठ्या छायाचित्राला पाडलेल्या भोकातून आत घातले. तो प्रसंग त्या रात्री ज्यांनी पाहिला त्यांनीच पाहिला.

याआधीचा आणि बाहेरचा इतिहास परिचितच आहे. बीबीसीने १९३८ मध्ये कारेल चापेक यांच्या ‘आर.यू.आर.’चा पस्तीस मिनिटांचा प्रयोग केला. त्याचे काहीच उरले नाही. अमेरिकेत ड्यूमाँट वाहिनीचा ‘कॅप्टन व्हिडिओ’ १९४९ ते १९५५ चालला आणि त्याचे मोजकेच भाग उरले. तिथे मात्र मुद्रित फिल्म खरोखर नष्ट झाल्या, तेव्हा त्या बाबतीत राग रास्त आहे. ‘हे सगळे पोरकट होते, गेले ते बरे झाले’ या मताची तर दखलही घ्यायला नको.

दखल घ्यावी असे मत एकच आहे. ते असे: थेट प्रक्षेपण ही निव्वळ तांत्रिक अडचण होती. टेप असती तर नील आणि कार्टिए यांनी आनंदाने वापरली असती. म्हणून ‘थेटपणा’ला कलेचा दर्जा देणे म्हणजे लंगड्याच्या काठीला दागिना म्हणण्यासारखे आहे. या मताला आधार नाही असे नाही. कार्टिए जर्मन चित्रपटसृष्टीतून आलेले, बीबीसीच्या संथ आणि बोलघेवड्या नाटकांना वैतागलेले. फिल्मचे तुकडे ते मिळतील तितके वापरत. सोय असती तर त्यांनी ती नाकारली नसती, हे मान्यच केले पाहिजे.

पण अडचणीतून जन्मलेली गोष्ट अडचणच राहते, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ‘क्वाटरमास’चा शेवट पाहा. राक्षस ॲबीत सापडतो तो एका थेट प्रक्षेपणादरम्यान, दूरचित्रवाणीच्याच कॅमेऱ्यांपुढे. जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, २ जूनला, देशाने त्याच ॲबीतून राज्याभिषेक थेट पाहिला होता. त्याच पडद्यावर, त्याच ॲबीत, आता हे. प्रेक्षकाची भीती ‘हे या क्षणी घडते आहे’ या जाणिवेवर उभी आहे आणि लेखकाने कथा त्या जाणिवेवर रचली आहे. इथे थेटपणा हे कथेचे द्रव्य आहे. काठीची उपमा लागू पडत नाही, कारण काठी काढली तर माणूस निदान उरतो; इथे थेटपणा काढला तर प्रसंगच उरत नाही. शिवाय हे मत मानणाऱ्यांना नटाची अडखळ, हललेला कॅमेरा, उशिरा आलेला आवाज ही सगळी घाण वाटते आणि डिस्क काढताना ती साफ करावीशी वाटते. तसे केले तर साफ होईल तो खुद्द प्रयोग.

घरगुती आवृत्त्यांचा हिशेब याच कसोटीवर मांडायला हवा. क्वाटरमास मालिकांपैकी तिसरी, ‘क्वाटरमास अँड द पिट’, १९८८ मध्ये व्हीएचएस कॅसेटवर आली ती भाग जोडून, कापून, सलग चित्रपटासारखी. आठवड्याची वाट पाहायला लावणारे शेवट त्यात गेले. ही मोडतोडच होती. २००५ मध्ये तिन्ही मालिकांचा डीव्हीडी संच आला. त्यात ‘द पिट’मधल्या थेट दृश्यांवर विडफायर नावाची प्रक्रिया केलेली आहे. फिल्मच्या दोन चौकटींमधली हालचाल संगणकाने काढून ती सेकंदाला पन्नासच्या मूळ गतीला पोचवते. याला काही जाणकार बनावट म्हणतात. ते बरोबर नाही. जी गती प्रत काढताना हरवली होती तीच परत दिली आहे. प्रयोगाला हात लावलेला नाही.

म्हणून नियम साधा आहे. दोष प्रतीचा असेल तर काढावा, प्रयोगाचा असेल तर राखावा. दुसऱ्या भागातला किडा कितीही लाडका झाला असला तरी तो प्रतीचा दोष आहे. १९५३ मध्ये घरी बसलेल्या एकाही प्रेक्षकाला तो दिसला नव्हता. त्याला पुसायला हरकत नाही. नटाची अडखळ लाखोंनी ऐकली होती; तिला हात लावू नये.

या भेदाची सर्वांत कठीण परीक्षा नील आणि कार्टिए यांच्याच ‘नाइन्टीन एटी-फोर’मध्ये होते. पीटर कुशिंग यांची प्रमुख भूमिका असलेले हे नाटक रविवारी, १२ डिसेंबर १९५४ रोजी थेट सादर झाले. त्याच्या क्रौर्यावरून गदारोळ उठला, संसदेत विषय निघाला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याच आठवड्यात गुरुवारी तेच नट पुन्हा उभे राहिले आणि नाटक पहिल्यापासून पुन्हा केले. मधल्या चार दिवसांत देशभर काय उसळले हे त्यांना आता ठाऊक होते. हा दुसरा प्रयोग होता आणि तोच फिल्मवर टिपला गेला. २०२२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो ब्लू-रेवर आणला. गदारोळ ज्या प्रयोगावर झाला तो हा नव्हे. तो रविवारचा होता आणि त्याची प्रत नाही. अशा प्रत्येक डिस्कच्या वेष्टनावर, नावाच्या खालीच, प्रयोगाची तारीख ठळक छापावी: गुरुवार, १६ डिसेंबर १९५४.