शौर्य आणि अभय

अहिंसाव्रती शूर नसतो, असा आक्षेप साधकांवर घेतला जातो. गीतेच्या अठराव्या अध्यायात युद्धातून न पळणे हे क्षात्रकर्म म्हटले आहे खरे. परंतु सोळाव्यात दैवी संपत्तीचा आरंभच अभयाने होतो व तीत अहिंसाही गणिली आहे. लीळाचरित्रात सर्वज्ञांनी शरण आलेला ससा पारध्यांपासून राखला, तो शस्त्रावाचून. आमच्या मुकुटबनाच्या शेजारच्या वणीत १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून कारावास पत्करला. हाती शस्त्र नव्हते, तरी माघार नव्हती. पूर्वी वीराची थोरवी पडलेल्या शत्रूंवरून ठरे. आता ती निर्भय झालेल्या दुर्बळांवरून ठरावी. वासनिकांनी हीच कसोटी प्रथम आपल्या घरी लावावी.