आधी थांबता यावे

वाचकहो, महाराष्ट्रात हिवाळा हा मोटारसायकलीवरून दूरवर जाण्याचा ऋतू. परंतु नोकरीनिमित्त मनालीच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला त्याच ऋतूत गाडी झाकून ठेवावी लागते. रस्त्यावर बर्फ साचतो, हाताशी मोकळा वेळ असतो, आणि जुन्या गाडीत कोणत्या सुधारणा कराव्यात याची यादी कागदावर उतरू लागते. ह्या यादीचा नीतीशी काय संबंध, असे आपण विचाराल. थोडे थांबून पाहू.

समजा, गाडी जुन्या घडणीची साडेतीनशे सीसीची बुलेट आहे. १९५५ साली मद्रासमध्ये जिची जुळणी सुरू झाली तिच्याच वंशातली. बिडाचे एक-सिलिंडरी इंजिन, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, पुढेमागे ड्रम ब्रेक. पैसे बेताचेच आहेत. यादीत प्रथम काय येते? बहुधा मोठा पिस्टन, नवा कार्बोरेटर आणि घुमणारा सायलेन्सर. ब्रेकचे लाइनर, केबल, टायर व दिव्याचे वायरिंग शेवटी येतात. आणि पुष्कळदा पैसे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वेग आपल्याला सुखावतो, आवाज गावाला ऐकू जातो. ड्रमच्या आत दडलेल्या लाइनरची स्तुती कोण करणार?

तरुणपणी मीही अशीच यादी केली होती व ब्रेकची ओळ पुढच्या वर्षावर ढकलली होती. वसंतात एका उतारावर, वळणापलीकडे, शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी अखेर थांबली ती कडेच्या दगडी बांधामुळे. कोणास इजा झाली नाही. परंतु कळपामागून येणाऱ्या मुलाचा पांढराफटक चेहरा मी अद्याप विसरलेलो नाही. माझ्या यादीत त्या मुलाला स्थानच नव्हते.

‘गाडी माझी, पैसा माझा, जीवही माझाच’ असे आपण म्हणतो. हिशेब मात्र निराळा आहे. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने गेलो, तर वेग दीडपट होतो. पण थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि ब्रेक तेच असतील तर ते लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही साधारण त्याच प्रमाणात वाढते. हे वाढलेले अंतर आपण कोणाच्या तरी वाटेतून घेतो: शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या, पाठीवर गवताचा भारा घेतलेल्या डोंगरातील स्त्रीच्या. आपण त्यांची संमती घेतलेली नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मालकाला वाहनात मनमानी फेरफार करू देत नाही. परंतु जो लाइनर झिजला आहे हे केवळ आपल्यालाच ठाऊक आहे, त्याविषयी साक्ष देणारे आपल्या विवेकाखेरीज दुसरे कोण आहे?

मग गाडीचा आनंद घेणे पाप आहे काय? मुळीच नाही. जुने यंत्र स्वतःच्या हातांनी सांभाळणे हा निर्मळ आनंद आहे. प्रश्न केवळ क्रमाचा आहे. प्रथम गाडीला थांबवणारे भाग: तेलकट झालेले लाइनर पुसून पुन्हा बसवू नयेत, बदलावेत, निपलजवळ तंतू तुटू लागलेली केबल टाकून द्यावी. मग टायर: बाजूवरील उत्पादनाच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवतात, नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. त्यानंतर दिवे. एवढे झाल्यावर पैसे उरले, तर पिस्टनचा विचार खुशाल करावा.

म्हणून, वाचकहो, ह्या हिवाळ्यात यादी कराल तेव्हा प्रत्येक कामापुढे ते कोणासाठी आहे हेही लिहा. ज्यापुढे अनोळखी शेजाऱ्याचे नाव येईल, ते काम आधी करा. ज्याला थांबता येते, त्याच्याच हाती वेग शोभतो.